कानस हातात घेण्याआधी: सायकलचे क्रँक, चेन आणि फ्रीव्हील घरी बसवताना या चुका टाळा

बेळगावात उद्यमबागेत लेथवर उभा राहणारा किंवा फाउंड्रीत काम केलेला माणूस जवळपास प्रत्येक गल्लीत सापडतो. त्यामुळे सायकलचा एखादा पार्ट बसत नसला की ‘बसवूया की, त्यात काय?’ असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं. ही हिंमत चांगली आहे आणि तिची गरजही आहे. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या जूनमध्ये थांबला, पण त्या सायकली अजून रस्त्यावर आहेत. शिवाय खानापूर-निपाणीकडच्या दुकानात हवा तो पार्ट हव्या त्या मापात मिळेलच याचा भरवसा नसतो. म्हणून घासाघाशी करायला माझी ना नाही. फक्त कोणता पार्ट घासायचा ते आधी ठरवा. तुमचं वजन पेलणारा, दात असलेला किंवा छर्रे ज्यावर फिरतात तो पार्ट कापायचा नाही. कापायचा तो स्वस्तातला, उद्या दुकानात पुन्हा मिळणारा.

बसत नाही म्हणून जोर लावणे

पार्ट मोठा आहे की लहान, हे पाहण्याआधी त्याचे आटे पाहा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं पेडल डाव्या क्रँकला (पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो हात) लावून लांब पान्याने रेटलं, तर दोन-तीन फेरे ते आत जातंसुद्धा आणि जाताना क्रँकचे आटे खाऊन टाकतं. पेडलच्या दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं, ग्रीस पुसलं की दिसतं. पहिले तीन-चार फेरे हाताने फिरले पाहिजेत. पाना फक्त शेवटी आवळायला.

आजच्या बहुतेक पेडलचे आटे 9/16 इंच, इंचाला 20 असे असतात. अर्ध्या इंचाचं पेडल एकाच दांड्याच्या क्रँकमध्ये, म्हणजे दोन्ही क्रँक आणि मधला एक्सल एकाच दांड्याचे असतात तिथे, दिसतं. ते 9/16 च्या भोकात पत्रा गुंडाळून बसवलेलं मी पाहिलं आहे. चढावर उभं राहून पेडल मारताना ते निसटलं तर माणूस थेट हँडलवर पडतो. आटे मेले असतील तर लेथवाल्याकडे जाऊन भोक मोठं करून आतून-बाहेरून आट्यांचा बुश बसवून घ्या. असं काम उद्यमबागेत होतं आणि ते टिकतं.

बॉटम ब्रॅकेटचंही, म्हणजे क्रँकचा एक्सल फ्रेममध्ये जिथे फिरतो त्या जागेचंही, असंच. इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये, म्हणजे 1.37 इंच, इंचाला 24, उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. ‘गंजलाय’ म्हणून त्यावर हातोडा चालवणारे बरेचदा तो आवळतच असतात.

कॉटर: इथे घासायचंच असतं

जुन्या दांडीच्या सायकलचा क्रँक कॉटरवर, म्हणजे त्याला एक्सलवर धरून ठेवणार्‍या पाचरीसारख्या पिनवर, उभा असतो. हा एकच पार्ट असा की तो घासून बसवणं हीच मुळात पद्धत आहे, आणि तरीही सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. दुकानातून आणलेला कॉटर आत अर्ध्यावर अडकतो, मग मिस्त्री त्याला ग्राइंडरला दोन सेकंद लावतो आणि हातोड्याने ठोकून देतो. आठवड्याभरात क्रँक ‘टक टक’ करायला लागतो.

कॉटर व्हाइसमध्ये धरा, चपटी बाजू वर. कानस पूर्ण लांबीने, एकाच दिशेने चालवा. मूळचा उतार बदलू नका. मध्ये मध्ये त्या बाजूला मार्कर पेन फासून कॉटर आत बसवा, हलका ठोका द्या आणि बाहेर काढून पाहा. शाई सगळीकडून पुसली गेली तर टेकण बरोबर आहे. एकाच टोकाला चमक दिसली तर कोन चुकला आहे आणि कॉटर तेवढ्याच टोकावर भार घेणार. वायसर आणि नट चढवून आट्याची थोडी टोकं बाहेर राहिली की थांबा.

दोन्ही कॉटर सारखेच घासले नाहीत तर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत. एक पेडल सरळ खाली असताना दुसरं थोडं पुढे किंवा मागे राहतं. बसवण्याची दिशाही तपासा. उजवा क्रँक वर असताना नट पुढे असेल, तर डावा क्रँक वर आणल्यावर त्याचाही नट पुढेच यायला हवा.

ठोकताना क्रँकखाली जमिनीवर टेकलेला जाड पाइप उभा ठेवा. नाहीतर प्रत्येक ठोका एक्सलवरून छर्‍यांवर जातो आणि कपांना खड्डे पडतात. नट आवळून कॉटर ओढून घेऊ नका. ओढायचं काम हातोड्याचं. नट फक्त धरून ठेवतो. थोडं चालवून झाल्यावर पुन्हा ठोकून नट आवळा, तेव्हाच तो खरा बसतो.

चौकोनी एक्सलला पत्रा लावणे

गियरच्या सायकलचा क्रँक ढिला झाला की कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून एक्सलभोवती गुंडाळायचा, हा सर्रास उपाय आहे. दोन दिवस क्रँक घट्ट वाटतो. नंतर ॲल्युमिनियमचा पत्रा चुरडतो आणि क्रँकचं चौकोनी भोक गोल व्हायला लागतं, मग तो क्रँक भंगारात जातो.

आधी बोल्ट काढून आत पाहा. एक्सलचं टोक क्रँकमध्ये बोल्ट जिथे टेकतो त्या जागेपासून एक-दोन मिलिमीटर आत असायला हवं. ते टोक त्या जागेच्या बरोबरीला आलं असेल तर बोल्ट कितीही आवळा, क्रँक घट्ट होणार नाही, क्रँक बदला. आणि एक्सल नवा असेल तर तो कोणत्या मापाचा आहे ते विचारा. जपानी जेआयएस आणि युरोपी आयएसओ या दोन्हींचा उतार सारखाच असतो, पण जाडी वेगळी, त्यामुळे क्रँक सुमारे साडेचार मिलिमीटर आत किंवा बाहेर बसतो. त्याने चेनची रेषा बिघडते. लोक मग चेन घासते म्हणून चेनव्हीलचे (क्रँकजवळच्या दातेरी चाकाचे) दात घासायला घेतात!

ग्राइंडर

कोन (एक्सलवरचा, छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता पार्ट), एक्सल, फ्रीव्हीलचा (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचा) आतला भाग यांचं वरचं कातडं कडक केलेलं असतं. ग्राइंडरवर लोखंड आधी पिवळसर, मग जांभळं, मग निळं होतं. निळा रंग आला म्हणजे धातू सुमारे 300 अंशांपर्यंत तापला आणि तिथला कडकपणा उतरला. पार्ट दिसायला तसाच राहतो, पण महिन्याभरात झिजतो. ओळखायची खूण सोपी आहे: कानस धातू खाण्याऐवजी वरून सटकत असेल तर तो पार्ट कडक केलेला आहे. तिथे हात थांबवा.

चेन आणि दात

आपल्या जुन्या सायकलची चेन 1/8 इंच रुंदीची, गियरवाल्याची 3/32. रुंद चेन बारीक दातांवर चालते, उलट होत नाही. बारीक चेन बसावी म्हणून जाड दात दोन्ही बाजूंनी घासलेलं चेनव्हील सारखंच पातळ कधीच होत नाही. चेन एका दाताला बसते, दुसर्‍याला अडते. चेन बदला, ती स्वस्त आहे.

नवी चेन टाकल्यावर जोरात पेडल मारताना ती उडते, तेव्हा दोष चेनचा नसतो, झिजलेल्या फ्रीव्हीलचा असतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तांबडा चिखल तेलात मिसळला की झीज फार लवकर होते. बारा इंचांत 24 कड्या बसतात. पट्टी लावा; माप 12 पूर्णांक 1/16 च्या वर गेलं की चेन बदलायची, 1/8 पर्यंत गेलं असेल तर बहुधा फ्रीव्हीलही गेलं. नऊ गियर किंवा त्याहून जास्तीच्या चेनची पिन काढून तीच परत दाबू नका. जोडकडी वापरा.

कॅसेट आणि फ्रेम

सात गियरची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) शिमानो कंपनीच्या आठ गियरच्या फ्रीहबवर (हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, कॅसेट बसते तो तुकडा) टाकायची तर मागे साडेचार मिलिमीटरचं रिंग लागतं. रोडच्या अकरा गियरच्या हबवर दहाची टाकायची तर 1.85 चं. इतकं बारीक काम पत्र्याच्या वायसरींचा ढीग लावून होत नाही. लेथवाल्याला माप लिहून द्या आणि दोन्ही तोंडं समांतर हवीत हे बजावून सांगा.

मागचं चाक रुंद असेल तर फ्रेम फाकवायच्या आधी चुंबक लावून पाहा. चिकटला तर फ्रेम स्टीलची आहे. चाक बसायची जागा 126 मिलिमीटरची 130 करताना ती दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर सरकते. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम समजा आणि हात लावू नका, ती वाकत नाही, तडकते.

फ्रीव्हील हबला वेल्डिंग करून फिक्स करायचं, म्हणजे चाकाबरोबर पेडलही सतत फिरत राहील असं करायचं, कॉलेजच्या पोरांच्या डोक्यात असतं. मुळीच करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने हब कमकुवत होतो, आणि ब्रेकही काढला असेल तर चोर्ला घाटाच्या उतारावर थांबायला काहीच उरत नाही.

काही बदललं असेल तर आधी गल्लीत उभं राहून जोरात पेडल मारून पाहा, क्रँक हाताने बाजूला हलवून पाहा आणि प्रत्येक नट परत आवळा. राजहंसगडाचा चढ दुसर्‍या दिवशी.