रिव्हर्स मायसेलचं सिम्युलेशन करताय? आधी बॉक्स बघा

एओटी (साबणासारखा सर्फॅक्टंट), पाणी आणि आयसोऑक्टेन (तेल) घेऊन ग्रोमॅक्स या रेणूंच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्स मायसेल, म्हणजे तेलात पाण्याचा थेंब पोटात घेतलेला सर्फॅक्टंटचा गोळा, बनवत असाल तर एक गोष्ट नक्की करा, तीच सिस्टीम निदान दोन साइझच्या बॉक्समध्ये चालवा, पाणी आणि एओटीचं प्रमाण तेवढंच ठेवून. कारण छोट्या बॉक्समध्ये सगळे रेणू शेवटी एकाच गोळ्यात जमतात, मग मायसेलमध्ये किती एओटी हे तुम्हीच सुरुवातीला ठरवून टाकलेलं असतं, आणि कधी कधी तर गोळा लांबट होऊन पलीकडच्या स्वतःच्याच इमेजला (सिम्युलेशनमध्ये तोच बॉक्स चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा मांडलेला धरतात, त्यातल्या प्रतीला) चिकटतो, तो दंडगोल खरा धरू नका.

इलेक्ट्रोस्टॅटिक्सला, म्हणजे चार्जमधल्या बलांना, पीएमईच (लांबच्या चार्जचाही हिशोब धरणारी पद्धत) लावा, ठरावीक अंतरापुढचं सोडून देणारा साधा कटऑफ नको. आयसोऑक्टेनचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (माध्यम चार्जची ओढ किती पट कमी करतं तो आकडा) जेमतेम 2, पाण्याचा 80 च्या आसपास, म्हणजे तेलात चार्जची ओढ बरीच लांबपर्यंत पोचते.

रेडियस ऑफ जायरेशन (मायसेल किती पसरलंय त्याचं माप) काढायच्या आधी ग्रोमॅक्सच्या ट्रजकॉन्व्ह या कमांडमध्ये पीबीसी क्लस्टर हा पर्याय लावून मायसेल अखंड करून घ्या, नाहीतर बॉक्सच्या कडेला तुटलेले तुकडे धरून आकडा भलताच मोठा येतो. आणि सुरुवात विखुरलेल्या रेणूंपासूनच करा हो, आयता गोळा ठेवलात आणि तो तसाच टिकला तर रेणू आपणहून कसे जुळतात ते कळणारच नाही.