हिरॉईनचं डाएट आपल्या ताटात आणताना या चुका टाळा

मेपल सिरप डोंबिवलीत मिळेना, म्हणून मी काकवी आणली. मावसबहिणीच्या लग्नाला अकरा दिवस उरले होते, शिवून आलेला ब्लाउज हुकापाशी दोन बोटं कमी पडत होता आणि अमेरिकन गायिका बियॉन्सेने ‘ड्रीमगर्ल्स’ या सिनेमासाठी वजन कसं उतरवलं त्याचा व्हिडिओ माझा तीनदा पाहून झाला होता. लिंबाचा रस, मेपल सिरप, चिमूटभर लाल तिखट, पाणी. दिवसाला सहा ते बारा ग्लास, बाकी काही नाही. सकाळी मिठाचं पाणी आणि रात्री पोट साफ करणारा काढा. याला ‘मास्टर क्लेन्झ’ म्हणतात. स्टॅन्ली बरोज नावाच्या गृहस्थांनी तो १९४०च्या दशकात काढला. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, पुढे परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल कॅलिफोर्नियात दोषीही ठरले, हे मला नंतर कळलं.

पाचव्या दिवशी काटा सव्वातीन किलो खाली. सहाव्या दिवशी संध्याकाळी आई भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी टम्म फुगली, तिचा वास आला आणि मी ओट्याला धरून खालीच बसले. “अगं, लग्न तिचं, उपास तू का करतेयस?” म्हणत आईने पिठलं-भाकरी तिथेच फरशीवर पुढे केली. लग्नानंतर आठवडाभरात सव्वातीन किलो परत आले, वर पाऊण किलो व्याज.

त्यानंतर या विषयावर बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं. माझ्या आणि आजूबाजूला रोज दिसणाऱ्या चुका पुढे लिहिते आहे.

त्या डाएटची तारीख न बघणं

बाकी सगळ्या चुका हिच्याच पोटातल्या. नटनट्यांचं वजन मुहूर्तासाठी उतरतं. २०२२च्या मेट गाला या न्यूयॉर्कमधल्या फॅशन सोहळ्याला अमेरिकन टीव्ही तारका किम कार्दाशियनने मेरिलिन मन्रोचा १९६२ सालचा ड्रेस घातला. त्यात मावण्यासाठी तिने तीन आठवड्यांत १६ पौंड, म्हणजे सात किलोंवर वजन उतरवलं. साखर आणि पिष्टमय पदार्थ बंद, ट्रेडमिल, शिवाय दिवसातून दोनदा घाम काढणारा सॉना सूट. तो ड्रेस अंगावर होता किती वेळ? पायऱ्या चढेपर्यंत, काही मिनिटं. मग तिने त्याची नक्कल घातली. त्या खटाटोपात आपला सोरायसिसचा संधिवात उसळल्याचं तिनेच नंतर सांगितलं.

बियॉन्सेचंही तेच. शूटिंग संपलं, जेवण सुरू झालं, वजन परत आलं. २०१८च्या कोचेला या अमेरिकन संगीत महोत्सवातल्या कार्यक्रमाआधी तर तिने ब्रेड, साखर, दूधदुभतं, मांस, मासे सगळं सोडलं होतं, आणि इतकं स्वतःला पुन्हा कधी ताणणार नाही असंही म्हणाली. हे वाक्य यूट्यूबच्या थंबनेलवर मी अजून पाहिलेलं नाही.

म्हणून ‘अमकीने वीस किलो कमी केले’ वाचलं की वर्षभरानंतरचा आकडा शोधा. अमेरिकन टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्रीने नोव्हेंबर १९८८मध्ये फक्त द्रव आहारावर ६७ पौंड घटवले आणि तेवढी चरबी हातगाडीत घालून टीव्हीच्या स्टेजवर ओढत आणली. टाळ्या पडल्या. वजन पुढे पुन्हा वाढलं, आणि २०२३ साली तिने वजनासाठी औषध घेत असल्याचं मोकळेपणाने सांगितलं. पैसा, आचारी, ट्रेनर सगळं दिमतीला असलेल्या बाईची ही गत. आपल्याला तर सकाळी सात बावीसची लोकल पकडायची असते.

पहिल्या आठवड्याच्या काट्याला भुलणं

माझे सव्वातीन किलो कुठून गेले? यकृतात आणि स्नायूंत साखरेचा राखीव साठा असतो, ग्लायकोजेन. मोठ्या माणसात साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. त्यातला प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं तोडलं की दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा संपतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. झाले दीड-दोन किलो कमी. त्यात रोज रात्री काढा पिऊन आतडं रिकामं केलेलं. चरबी गेली असेल किलोभर, तीसुद्धा फार फार तर. भात-पोळी परत सुरू झाली की साठा भरतो, पाणी परततं, आणि माणूस म्हणतो, “माझ्या अंगाला हवासुद्धा लागते.” पहिल्या आठवड्याचं वजन लिहून ठेवा, पण त्यावर पेढे वाटू नका.

प्रोटीनकडे पाठ फिरवणं

काकवीच्या पाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. नुसत्या फळांवर किंवा कोबीच्या सूपवर राहिलं तरी तेच. मग शरीर स्नायू मोडायला घेतं, आणि स्नायू गेले की बसल्या बसल्या जळणाऱ्या कॅलरीही घटतात. ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. तो अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं, पण त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी कमीच जाळत होतं. म्हणजे त्याच वजनाच्या शेजाऱ्याएवढं जेवलं तरी यांचं वजन वाढणार.

साठ किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रोटीन लागतं. अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर दाट वरणात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. सकाळी पोहे, दुपारी आमटी-भात, संध्याकाळी चहा-खारी असा आपला दिवस मोजून बघा. डाएट न करताही आपण काठावरच असतो.

‘डिटॉक्स’च्या नावाखाली कडू रस पिणं

शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंड आहेत. रसाने त्यांचं काम वाढू शकतं, हलकं होत नाही. पण इथे मला धोक्याचीच गोष्ट सांगायची आहे. कुणा तारकेने सकाळी दुधीचा रस पिते म्हटलं की आपल्या बागेतल्या हास्य क्लबबाहेरही तो मिळू लागतो. दुधी कडू निघाला तर त्यात कुकर्बिटासिन नावाचं विष असतं. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने या रसाबद्दल सावध केलं. आपल्या आज्या दुधी चिरताना एक फोड जिभेला लावून बघायच्या, ते यासाठीच. कडू लागली तर थुंकायची आणि आख्खा दुधी फेकायचा. मिक्सरच्या भांड्यात आवळा, आलं, पुदिना घातला की तो कडूपणा कळत नाही, घोळ तिथे होतो.

गोळ्या चालू असताना कीटो

थोडक्यात सांगते, पण हे हलक्यात घेऊ नका. कीटो, म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद आणि तूप-तेल भरपूर असा आहार, १९२०च्या दशकात अपस्माराच्या रुग्णांसाठी, वैद्यकीय देखरेखीखाली सुरू झाला. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांच्या नावात शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, त्या घेत असताना पिष्टमय पदार्थ बंद केले तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने ते पटकन लक्षातही येत नाही. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची दुसरी गोळी घेऊन जेवण चुकवलं तर साखर धाडकन उतरते. पाकिटावरचं नाव वाचा आणि आधी डॉक्टरांना फोन करा.

सुरू केलंय आणि काहीतरी बिघडलंय

पहिल्या तीन-चार दिवसांत डोकं दुखणं, गळून जाणं हे बहुतेक वेळा पाणी आणि मीठ कमी झाल्याने होतं. मीठ घातलेलं ताक किंवा वरणाचं पाणी घ्या. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा उपाय आपल्या मनाने नको. बद्धकोष्ठता असेल तर ताटात भाजी आणि ज्वारी परत आणा.

केस मात्र फसवतात. उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी ते मुठीने गळू लागतात. तोवर डाएट विसरलेलं असतं, त्यामुळे दोष शाम्पूला किंवा टँकरच्या पाण्याला मिळतो. बहुतेकांचे परत येतात, खाणं नीट झालं तर.

जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर सोनोग्राफी करून घ्या. आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. छातीत धडधड, उठताना भोवळ, पाळी चुकणं यांपैकी काहीही झालं तर डाएट त्याच दिवशी थांबवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. १९७०च्या दशकात अमेरिकेत द्रव प्रोटीनवर जगण्याची फॅशन आली होती, तेव्हा हृदयाचे ठोके बिघडून डझनावारी माणसं गेली. आज आठशे कॅलरींखालचा आहार डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखालीच देतात.

आठ-दहा दिवस जवळपास काहीच खाल्लं नसेल तर थेट श्रीखंड-पुरीवर तुटून पडू नका. अशा वेळी एकदम भरपूर खाल्लं की रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस घसरतं. डॉक्टरांना विचारून थोडं थोडं वाढवा.

आणि काटा महिनाभर हललाच नाही तर आणखी जेवण कापू नका. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी वजन करा आणि कमरेला टेप लावा. आपल्याकडे बायकांसाठी ऐंशी आणि पुरुषांसाठी नव्वद सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. आठवड्याला अर्धा किलो हा वेग कंटाळवाणा आहे, त्यावर कुणी व्हिडिओ करत नाही.

तो ब्लाउज शेवटी शिंप्याकडेच नेला. त्याने आतली बाजू उलटून दाखवली, दोन्ही कडांना कापड सोडलेलं होतंच. शिवण उसवून सैल करून दिला, पन्नास रुपये घेतले. काकवी आईने धपाट्यांबरोबर संपवली.