इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाची पर्यावरण-तपासणी: या चुका टाळा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की म्हापसा, पणजी, मडगावच्या दुकानांत एक्स्चेंज ऑफरचे फलक लागतात. दुकान पर्यावरणाची किती काळजी घेतं हे बघायचं असेल, तर हाच मोसम उत्तम.

पहिली चूक म्हणजे छतावरचे सौर पॅनल आणि कागदी पिशव्या पाहून गुण देणं. मोबाइलचं बहुतेक कार्बन उत्सर्जन तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, एसीचं मुख्यतः घरातल्या विजेतून होतं. दुकानाच्या दिव्यांचा वाटा त्यापुढे अगदी लहान.

मोठी चूक मात्र ‘जुना माल परत घेतात’ एवढं ऐकून समाधान मानण्याची. तो माल पुढे जातो कुठे? दुरुस्त होऊन विकला जातो, की भंगारात? तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर आजूबाजूच्या घरांत शिरतो, आणि भंगारअड्ड्यांच्या आगी गोव्याला नवीन नाहीत. जुन्या एसीतला थंडावा देणारा आर-२२ वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापमानवाढ करतो. म्हणून फिटर तो सिलिंडरमध्ये भरून घेतो की हवेत सोडतो, हे जरूर विचारा. वर्षभरात घेतलेले नग आणि पुढे पाठवलेल्या मालाची चलनं (माल पाठवल्याच्या पावत्या) मागा. रिसायकलरची, म्हणजे पुनर्चक्रण करणाऱ्या कंपनीची, नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर पडताळा. आकडे जुळत नसतील तर आधी गोदामातला साठा मोजा. ‘कंपनीची गाडी नेते’ असं उत्तर आलं, तर त्या गाडीचं चलन मागा.

जबाबदारी कोणाची, इथेही गोंधळ होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत पुनर्चक्रणाचं लक्ष्य उत्पादकावर आहे. पण दुकान स्वतःच्या ब्रँडचा माल विकत असेल तर तेही उत्पादक ठरतं. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

उपकरण वीज किती वाचवतं हे सांगणाऱ्या स्टार लेबलचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे लेबलवरचं वर्ष पाहा आणि विजेच्या वार्षिक युनिटांची तुलना करा.

दुरुस्तीला वेगळे गुण ठेवा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत एसीचं बाहेरचं युनिट लवकर गंजतं. सुटे भाग गोव्यातच मिळतात का, किती दिवसांत येतात, हे ग्राहकांनाच विचारा.

साखळी दुकान असेल तर देशभराचा अहवाल पुढे केला जातो. त्यावरून मडगावच्या शाखेला गुण देऊ नका. शाखेचे कागद मिळाले नाहीत, तर त्या रकान्यात ‘माहिती दिली नाही’ असं स्पष्ट लिहा.