नुनावुतच्या शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी: मराठवाड्यातील शिक्षकांसाठी

बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत नऊ वर्षे आणि त्यानंतर कॅनडाच्या उत्तर टोकाकडील नुनावुत प्रदेशातल्या एका वस्तीत, इनुइट या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या मुलांना, चार वर्षे मी शिकवले. अंबाजोगाईला परत आल्यापासून बी.एड. झालेली मुले-मुली तिकडच्या नोकरीविषयी विचारायला येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न थंडीचा असतो आणि दुसरा पगाराचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्या वस्तीतले पालक नव्या शिक्षकाविषयी एकच गोष्ट विचारतात, ती म्हणजे हा किती दिवस राहणार. कॅनडाच्या दक्षिण भागातून शिक्षक येतात, वर्षभरात किंवा नाताळच्या सुट्टीतच परत जातात, आणि त्याच मुलांना पुन्हा नव्या माणसाची सवय करून घ्यावी लागते. किमान तीन वर्षे राहण्याची मनापासून तयारी असेल, तरच पुढचे वाचावे अशी माझी विनंती आहे.

नुनावुत १ एप्रिल १९९९ रोजी नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटीहून अधिक आहे, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३७ हजारांच्या आत आहे. ही माणसे २५ वस्त्यांत राहतात आणि एका वस्तीतून दुसरीत जाणारा रस्ता नाही. ये-जा विमानाने होते, तर जड सामान उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाल्यावर जहाजाने येते. राजधानी इकालुइत सोडली तर बहुतेक वस्त्या आपल्या मध्यम खेड्याएवढ्याच आहेत. क्युबेक प्रांताच्या उत्तर भागात नुनाविक हा इनुइटांचा दुसरा मोठा भाग आहे. तेथे १४ गावे आहेत आणि त्यांचे शाळा मंडळ स्वतंत्र आहे. मी ज्या भागात राहिले त्याविषयीच येथे लिहीत आहे.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. कॅनडात काम करण्याचा कायदेशीर हक्क आधी मिळवावा लागतो, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक भारतीय शिक्षक आधी कायम रहिवासी होऊन मगच उत्तरेकडे आले. त्यानंतर नुनावुतच्या शिक्षण खात्याकडून शिक्षक म्हणून प्रमाणपत्र घ्यावे लागते. पदवी आणि बी.एड. दोन्ही असावेत, केवळ डी.एड.वर काम होईल असे धरून चालू नये. विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती मागवायला आपल्याकडे जो वेळ लागतो तो लक्षात घेऊन ते काम भारत सोडण्यापूर्वीच उरकावे, कारण तिकडून फोनवर ते होत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीही लागते. पुढच्या वर्षाच्या बऱ्याच जागा वसंत ऋतूत जाहीर होतात आणि शाळा साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होते. वस्तीतून निवडून आलेले स्थानिक शिक्षण मंडळ शाळेच्या कारभारात लक्ष घालते, शाळेचे वेळापत्रकही तेच ठरवते. मुलाखतीत या मंडळाची व्यक्ती असेल, तर तिच्या प्रश्नांना मुख्याध्यापकांच्या प्रश्नांपेक्षाही अधिक विचार करून उत्तर द्यावे.

पगारावर उत्तरेकडे राहण्याचा, वस्तीनुसार बदलणारा भत्ता मिळतो आणि राहायला बहुधा कर्मचाऱ्यांसाठीचे घर मिळते. घरात कोणते सामान आहे, हे करारावर सही करण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. बहुतेक वस्त्यांत जमीन खोलवर गोठलेली असल्याने नळ पुरता येत नाहीत. म्हणून प्रत्येक घराला पाण्याची एक आणि सांडपाण्याची एक अशा टाक्या असतात. एक गाडी पाणी भरून जाते, दुसरी सांडपाणी उपसून नेते. हिमवादळात दोन्ही गाड्या येत नाहीत. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना टाकीतल्या पाण्याकडे लक्ष ठेवून भांडी घासणे शिकवावे लागत नाही. या एका बाबतीत आपण टोरांटोहून आलेल्या शिक्षकापेक्षा तयार असतो.

दुकानातल्या भाजीपाल्याच्या किमती पाहून सुरुवातीला धक्का बसतो, कारण तो विमानाने आलेला असतो. तूर आणि मूग डाळ, तांदूळ, तेल हे वर्षभराचे सामान जहाजाने मागवणे स्वस्त पडते. मात्र मागणी नोंदवण्याची मुदत चुकली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहावी लागते. ज्वारीचे पीठ लवकर खवट होते, म्हणून ते फार नेऊ नये. येसर मात्र भरपूर न्यावा. चमचाभर येसर आणि गरम पाणी यांवर मी कितीतरी वादळी रात्री काढल्या आहेत. जो शाकाहारी आहे त्याने शाकाहारी राहावे, कोणी बळजबरी करत नाही. परंतु वस्तीच्या सामुदायिक जेवणाला अवश्य जावे, आणि सील, कॅरिबू (तिकडचे मोठे हरीण) किंवा व्हेलचे कच्चे मांस जमिनीवर पसरलेले पाहून तोंड वाकडे करू नये. सीलच्या कातडीविरुद्ध युरोपात झालेल्या मोहिमांनी या लोकांचे उत्पन्न बुडाले. आपल्या अन्नाकडे बाहेरचा माणूस कोणत्या नजरेने पाहतो, हे त्यांना लगेच कळते.

जाड कोट आणि बूट दक्षिणेतील शहरात घ्यावेत, पण हातमोजे आणि शक्य झाल्यास पार्का, म्हणजे टोपी जोडलेला उबदार अंगरखा, वस्तीतल्या शिवणाऱ्या बायकांकडून विकत घ्यावा; त्यांच्या हातचे कपडे त्या वाऱ्याला पुरे पडतात. दात आधीच तपासून घ्यावेत, कारण आरोग्य केंद्र परिचारिका चालवतात आणि गंभीर रुग्णाला विमानाने बाहेर न्यावे लागते. अनेक वस्त्यांत मतदानाने दारूबंदी किंवा दारूवर निर्बंध आहेत. ते शिक्षकाने अक्षरशः पाळावेत. वस्तीबाहेर एकट्याने फिरायला जाऊ नये, कारण पांढऱ्या अस्वलांचा धोका खरा आहे.

आता वर्गाविषयी. माझ्या पहिल्या आठवड्यात मी एका मुलीला विचारले की समजले का, तर तिने भुवया उंचावल्या आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी तोच प्रश्न तीन वेळा विचारला आणि तिने तिन्ही वेळा भुवया उंचावल्या. अखेर सहायक शिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितले की भुवया उंचावणे म्हणजे होकार आणि नाक आक्रसणे म्हणजे नकार. मी त्या मुलीला उत्तर देऊनही तीन वेळा खोटे ठरवले होते. तेव्हापासून मी चेहरे वाचायला शिकले, आणि शांत वर्ग म्हणजे न समजलेला वर्ग हा माझा समजही गेला.

इनुइट परंपरेत शिकणे म्हणजे आधी पाहणे आणि मग हाताने करून पाहणे. त्याला पिलिम्माक्सार्निक म्हणतात, आणि नुनावुतच्या शाळांनी जी इनुइट जीवनमूल्ये पायाभूत मानली आहेत त्यांत ते एक आहे. चाड्यावर मूठ कशी धरायची यावर आपल्याकडे कोणी व्याख्यान देत नाही. पोरगे तिफणीमागे चालते, पाहते, आणि एखाद्या वर्षी बाप त्याच्या हातात चाडे देतो. त्याच पद्धतीने शिकवावे. आधी स्वतः करून दाखवावे, मुलाला वेळ द्यावा, सर्वांसमोर उभे करून उत्तर मागू नये. आणि ओरडू नये. राग आवरता न येणारे मोठे माणूस तेथे पोरकट समजले जाते.

ओरडू नये यामागे आणखी एक कारण आहे. बाळाला बहुधा वारलेल्या माणसाचे नाव देतात आणि नावाबरोबर त्या माणसाचे नातेही येते, त्यामुळे एखादी आई आपल्या चार वर्षांच्या मुलीला आई म्हणून हाक मारते. नातीला सासूबाईंचे नाव असले की सून तिच्यावर त्या नावाने रागावत नाही, घरात दुसरे नाव वापरते, हे आपण जाणतो. म्हणून ही गोष्ट आपल्याला लवकर उमगते. ज्या मुलाला शिक्षक रागावतो आहे, तो घरी कोणाचा तरी आजोबा असतो.

इनुक्तितुत ही इनुइटांची भाषा शिकायला पहिल्या दिवसापासून लागावे. बहुतेक वस्त्यांत ती ज्या अक्षरलिपीत लिहितात तिच्यात व्यंजनाचे चिन्ह एकच असते आणि ते वेगळ्या दिशेला वळवले की स्वर बदलतो. स्वर तीनच, इ, उ आणि अ, आणि दीर्घ स्वरासाठी डोक्यावर टिंब. बाराखडी घोकलेल्या माणसाला ही लिपी काही दिवसांत वाचता येते. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास क्री भाषेसाठी केलेल्या लिपीतून ती आली, आणि इव्हान्सला देवनागरीचा परिचय होता असे अभ्यासक मानतात. इनुइटांची मूळ मोजणी विसाची आहे. पाच विसा शंभर म्हणणाऱ्या आजीची आठवण ठेवून मी गणिताचा एक तास घेतला होता, आणि त्या दिवशी वर्गातील मुलांनी मला त्यांचे आकडे शिकवले. आभार मानायला किवालिक विभागात मान्ना म्हणतात, बाफिन बेटावर कुयान्नामीक; निदान एवढे तरी विमानातून उतरताना यावे.

हा भाषेचा प्रश्न शिष्टाचारापुरता नाही. २००८ च्या शिक्षण कायद्याने २०१९ पर्यंत सर्व इयत्तांत इनुइट भाषेतून शिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले होते; शिक्षक अपुरे पडल्याने ते साधले नाही आणि २०२० च्या दुरुस्तीने मुदत टप्प्याटप्प्याने २०३९ पर्यंत गेली. म्हणजे आपण जी जागा भरतो ती खरे तर एखाद्या इनुइट शिक्षकाची आहे, आणि वर्गातील इनुइट सहायकाला शिक्षक होण्यासाठी मदत करणे हे आपल्या कामाचा भाग समजावे. त्याआधीचा इतिहास अधिक दुःखद आहे. निवासी शाळांच्या व्यवस्थेत कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुले घरापासून तोडली गेली, त्यांत इनुइट मुलेही होती. सरकारने २००८ मध्ये संसदेत माफी मागितली. माझ्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांपैकी काही जण अशा वसतिगृहांत वाढले होते. पालक शाळेत यायला कचरतात तेव्हा त्यांना अनास्था आहे असे म्हणू नये; आपणच त्यांच्या घरी जावे, चहा प्यावा, आणि मुलाविषयी पहिली गोष्ट चांगली सांगावी. निजामाच्या राज्यात घरी मराठी आणि शाळेत उर्दू अशा परिस्थितीत शिकलेले आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातील थोडे तरी कळते. मात्र आपल्या आजोबांना घरापासून तोडले नव्हते, हा फरक विसरू नये.

मे महिन्यात वर्ग अर्धा रिकामा होईल. कुटुंबे बर्फातल्या मासेमारीला आणि हंसांच्या शिकारीला बाहेर पडतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले दिवाळीनंतर पटावरून नाहीशी होताना मी बीडमध्ये पाहिली आहेत, म्हणून सुरुवातीला मला हेही तसेच वाटले, आणि ती माझी चूक होती. ऊसतोडीच्या फडावर मूल नाइलाजाने जाते. इनुइट मूल आजोबांबरोबर बर्फावर जाते तेव्हा ते शिकायलाच जाते. परतल्यावर बर्फाची जाडी किती होती, किती अंतर कापले, किती इंधन लागले, हेच मी गणिताला घेई, आणि शक्य तेव्हा एखाद्या वडीलधाऱ्यांना वर्गात बोलावून तो तास त्यांच्या हवाली करी.

एक गोष्ट टाळता येणार नाही. नुनावुतमध्ये तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण कॅनडाच्या सरासरीच्या अनेक पटींनी जास्त आहे, आणि तीन वर्षांत आपल्या ओळखीचे कोणी जाण्याची शक्यता मोठी आहे. मराठवाड्यातील शिक्षकाच्या वर्गात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचे मूल बसलेले असते. त्याच्याकडे कसे पाहावे आणि कसे पाहू नये हे आपण शिकलेलो असतो. तरीही जाण्यापूर्वी किंवा गेल्यावर लगेच आत्महत्या प्रतिबंधाचे प्रशिक्षण घ्यावे, मुलाने काही सूचित केले तर ते स्वतःपुरते ठेवू नये, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि आरोग्य केंद्राला सांगावे. दुखवट्याच्या घरी जावे. तेथे बोलण्याची गरज नसते.

उत्तरेकडच्या वस्त्यांत हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. आपल्या उन्हात वाढलेल्या शरीराला ते जाणवते. डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व घ्यावे, रोज दुपारी बाहेर पडावे आणि संध्याकाळी घरात एकटे बसू नये. शिवणवर्ग, व्यायामशाळा, चर्चमधील गाणी, मुलांचे हॉकीचे सामने यांपैकी कोठे तरी नियमित जावे. मी शिवणवर्गाला जात असे आणि माझी भाषा तेथेच सुधारली.

उन्हाळ्याच्या सुट्टीला निघताना मुले परत येणार का असे विचारतात. करार झाला असेल तरच हो म्हणावे. झाला नसेल तर तसे सांगावे. माझ्या शाळेत परत येणारे शिक्षक आपले हिवाळी बूट वर्गातल्या खुंटीखाली ठेवून जात, आणि मुले दारातून डोकावून ते बूट पाहून घेत.