फायरवॉल किंवा व्हीपीएन बॉक्समध्ये होल निघालं की काय करायचं, पॅचनंतरचं धरून

मोठं होल (सुरक्षेतली त्रुटी) जाहीर झालं की सगळीकडे एकच सल्ला असतो, लगेच अपडेट करा, म्हणजे पॅच टाका. कराच. पण "अपडेट झालं, आता सेफ" हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण अपडेटने होल बंद होतं, त्यातून आधीच बाहेर गेलेले पासवर्ड परत येत नाहीत. मी हे काम बऱ्याच वर्षांपासून करतोय, ज्या क्रमाने करतो तसंच लिहितो.

१. आपला बॉक्स यात येतो का. मॉडेल, फर्मवेअर व्हर्जन, कुठलं फीचर चालू आहे, हे कंपनीच्या अ‍ॅडव्हायजरीशी (अधिकृत सूचनेशी) जुळवा, बातमीशी नाही. अमेरिकेच्या सीसा (CISA) या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची केव्ह (KEV) नावाची यादी आहे, प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या होल्सची, त्यात नाव असेल तर आज रात्रीच काम काढा. होल किती गंभीर ते सांगणाऱ्या नुसत्या स्कोअरवर (१० पैकी) जाऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये इव्हान्टी कंपनीच्या व्हीपीएनमध्ये दोन होल्स निघाली, एकाला स्कोअर ८.२, ते लॉगिन चुकवायचं, दुसऱ्याला ९.१, पण ते वापरायला अ‍ॅडमिन लॉगिन लागायचं. सुटी बघितली तर दुसरं तितकं भीतीदायक वाटत नाही, आणि दोन्ही जोडली की लॉगिन न करता थेट बॉक्सवर कमांड चालतात.

२. अ‍ॅडमिन पेज इंटरनेटवरून उघडत असेल तर आत्ता बंद करा.

३. पॅच टाकायच्या आधी लॉग्स आणि कॉन्फिग बॉक्सबाहेर कॉपी करा, कंपनीची सपोर्ट फाईल काढून ठेवा. रीबूट झाला की मेमरीतलं सगळं गेलं.

४. पॅच टाका. एक बंद पडला तर दुसरा चालावा म्हणून जोडी असेल तर दोन्ही बॉक्सवर, आणि व्हर्जन स्वतः डोळ्यांनी बघा.

५. आता चाव्या बदलायच्या. हीच पायरी लोक सोडतात, मीसुद्धा सोडली होती.

आधी क्रम समजून घ्या: पॅच, मग सगळी सेशन्स (चालू लॉगिन) किल, मग पासवर्ड. पॅचआधी पासवर्ड बदललात तर नवीनही त्याच होलमधून जातील, आणि सेशन किल न करता बदललात तर ज्याच्याकडे चालू टोकन (लॉगिन झाल्याची खूण) आहे त्याला पासवर्ड लागतच नाही. सिट्रिक्स कंपनीच्या बॉक्सेसमधल्या सिट्रिक्स ब्लीड नावाच्या होलमध्ये (सीव्हीई-२०२३-४९६६, सीव्हीई म्हणजे होलला दिलेला नंबर) अगदी हेच झालं. पॅच १० ऑक्टोबर २०२३ ला आला, पण होल होतं मेमरीतून सेशन टोकन गळण्याचं, आणि ते टोकन ओटीपी वगैरे सगळं झाल्यानंतरचं असतं, त्यामुळे एमएफए (पासवर्डशिवाय ओटीपीसारखी दुसरी खात्री) असूनही उपयोग नव्हता आणि पॅचनंतरही जुनं टोकन चालत राहायचं. त्यामुळे "आमच्याकडे एमएफए आहे" हे उत्तर इथे धरू नका.

पासवर्डचं उदाहरण फोर्टिनेट कंपनीचं घ्या. सीव्हीई-२०१८-१३३७९ मधून लॉगिन झालेल्या लोकांचे युजरनेम-पासवर्ड साध्या टेक्स्टमध्ये वाचता यायचे. पॅच मे २०१९ मध्ये आला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० बॉक्सेसचे लॉगिन उघड्यावर आले. मधल्या काळात ज्यांनी पॅच टाकला पण पासवर्ड तेच ठेवले त्यांचं दार तसंच उघडं होतं.

आता माझं. एका ठिकाणी रात्रभर बसून पॅच टाकला, सेशन्स मारली, सकाळी प्रत्येक युजरला पासवर्ड बदलायला लावला आणि मला वाटलं झालं. राहिलं ते एलडॅपचं सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नाही, बॉक्सचं), ज्याने फायरवॉल डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या अकाउंट्सच्या सर्व्हरला, विचारतो की हा युजर खरा का. हा पासवर्ड बॉक्सला पुढे पाठवायचा असतो, म्हणून तो हॅश करून (परत उलगडता न येणाऱ्या रूपात) ठेवता येत नाही, परत उलगडता येईल असाच ठेवावा लागतो, म्हणजे कॉन्फिग गेली की तो गेलाच समजा. तीन आठवड्यांनी त्याच अकाउंटने मध्यरात्री सर्व्हरवर लॉगिन झालं, आणि सेटअप करताना कुणीतरी त्याला डोमेन अ‍ॅडमिन (सगळ्या नेटवर्कवर पूर्ण हक्क) करून ठेवलेलं होतं. त्या अकाउंटला फक्त वाचायचा हक्क पुरतो, जास्त असेल तर हा लेख सोडा आणि आधी ते काढा.

त्यामुळे कॉन्फिग उघडून प्रत्येक गुपित शोधा: लोकल अ‍ॅडमिन, एलडॅप, रेडियसचं (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचं) सीक्रेट, दोन ऑफिसेस जोडणाऱ्या आयपीसेक टनेलची प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांना बदलावी लागते, म्हणून लोक टाळतात), एसएनएमपी (बॉक्सवर लक्ष ठेवायची पद्धत), एपीआय की, ओटीपीचे सीड (ज्यावरून ओटीपी बनतो तो गुप्त आकडा) बॉक्सवरच असतील तर तेही. एसएसएल सर्टिफिकेट नुसतं रिन्यू करू नका, नवीन प्रायव्हेट की बनवा आणि जुनं रिव्होक (रद्द) करा.

६. कुणी आत बसलंय का. अनोळखी अ‍ॅडमिन, न बनवलेले रूल्स, बॉक्सने स्वतःहून बाहेर केलेली कनेक्शन्स बघा. कंपनीच्या चेकरने (तपासणीच्या टूलने) हिरवं दाखवलं म्हणून निर्धास्त होऊ नका, इव्हान्टीच्या वेळी सीसाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं होतं. फोर्टिनेटच्या बाबतीत एप्रिल २०२५ मध्ये कळलं की हल्लेखोर भाषेच्या फाईल्सच्या फोल्डरमध्ये एक सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट) ठेवून गेले होते आणि पॅचनंतरही त्यातून फाईल्स वाचता येत होत्या. माझं मत पक्कं आहे, घुसल्याची जराही खूण दिसली तर साफ करत बसू नका, फॅक्टरी रीसेट करा, फर्मवेअर नव्याने टाका आणि होल निघायच्या आधीच्या बॅकअपमधून कॉन्फिग ओळ न् ओळ वाचून घ्या. असं केलंत तर पाचवी पायरी परत करावी लागते, कारण त्या बॅकअपमध्ये जुनेच पासवर्ड असतात.

७. जुनं सर्व्हिस अकाउंट डिलीट करू नका. नवीन वेगळ्या नावाने बनवा, जुनं डिसेबल करून त्यावर अलर्ट लावा. त्या नावाने कुणी लॉगिन करून बघितलं तर तुमची कॉन्फिग कुणाच्या तरी हातात आहे हे लगेच कळेल.