मेथीचा घोळाणा कडू होतो, पाणी सुटतं, दाताखाली कचकच लागते? या चुका टाळा

थंडी पडली की मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात भाकरीच्या ताटात कच्च्या मेथीचा घोळाणा येतो. कृती दोन ओळींत संपते: कोवळी मेथी, बारीक चिरलेला कांदा, दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. गॅस पेटवायचाच नसतो, म्हणून यात चुकण्यासारखं काय आहे असं वाटतं. पण भाजीत जून मेथीलाही लसणाची फोडणी सांभाळून घेते. घोळाण्यात पान जसं आहे तसंच तोंडात जातं आणि झालेली प्रत्येक चूक जिभेला कळते.

जुडी घेताना

भाजीसाठी आणलेलीच मेथी घोळाण्याला वापरणं, इथूनच बहुतेक घोळाणे बिघडतात. रुंद पानांची उंच जुडी भरपूर दिसते, पण तिचे देठ चिवट असतात आणि पान चावताना कडवटपणा घशापर्यंत जातो. घोळाण्याला लहान पानांची, फार तर वीतभर मेथी हवी. एक देठ वाकवून बघा. कोवळा असेल तर टचकन मोडतो, जून असेल तर नुसता वाकतो आणि साल लोंबत राहते. पिवळट पांढरी फुलं किंवा शेंगा दिसल्या तर ती जुडी घेऊच नका.

जुडीचा बंध सैल करून आत बोटं घालायलाही लाजू नका. वरून पाणी मारलेली हिरवीगार जुडी आतून कोमट लागली, तर ती उबलेली आहे आणि घरी जाईपर्यंत पिवळी पडू लागेल. "मावशी, घोळाण्याला पाहिजे," एवढं सांगितलं तरी भाजीवाल्या मावशी बऱ्याचदा खालून कोवळी जुडी काढून देतात.

मुंबईत वाळूत वाढवलेली बोटभर मेथी छोट्या जुड्यांत, मुळांसकट मिळते. घोळाण्याला ती फार छान, फक्त मुळं आधी कापून टाका आणि मगच पाण्यात घाला. मुळांसकट धुतली की सगळी वाळू पानांत पसरते.

धुताना

नळाखाली जुडी धरली म्हणजे धुतली, असं होत नाही. माती पानांच्या बेचक्यात असते, ती तिथंच राहते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, निवडलेली पानं त्यात सोडा, हलक्या हाताने हलवा आणि दोन मिनिटं तशीच राहू द्या. माती तळाला बसते. आता पानं ओंजळीने वर उचलून चाळणीत काढा. पातेलं चाळणीवर उपडं कराल तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवरच ओताल. मग रिकाम्या पातेल्याच्या तळावरून बोट फिरवा. बोटाला खरखर लागली, तर आणखी एक पाणी. आई बोटाला काही लागेनासं होईपर्यंत थांबत नसे. कधी तीन पाण्यांत भागायचं, कधी पाच लागायची.

चिरून मग धुऊ नका, क जीवनसत्त्व पाण्यात विरघळून निघून जातं. मिठाच्या पाण्याने किडे-अळ्या सुटतात, जंतू मात्र मरत नाहीत. म्हणून पावसाळ्यात शेतात चिखलपाणी असताना मी कच्ची मेथी देत नाही. गरोदर बाई किंवा नुकतंच आजारातून उठलेलं माणूस घरात असेल, तर त्यांच्यासाठी मेथी कुठल्याही दिवसांत शिजवलेलीच बरी.

धुतलेली पानं पंचावर पसरून अर्धा तास तरी सुकू द्या. ओल्या पानाला तेल धरत नाही, कुटाच्या गुठळ्या होतात आणि वाटीच्या तळाशी पाणी साचतं. घाईत ही पायरी गाळली जाते आणि मग दोष मेथीला लागतो.

कालवताना

सगळं एकदम घालून वर मीठ टाकून कुस्करलं की पाच मिनिटांत पानं मरतात. मीठ पानातलं पाणी ओढतं आणि चोळल्याने कडू रस बाहेर येतो. आधी पानांना नुसतं तेल लावून घ्या. मग कूट, तिखट, कांदा. मीठ आणि लिंबू अगदी शेवटी, भाकरी ताटात पडल्यावर. नावाप्रमाणे अलगद घोळवायचं, बास. पानं हातानेच खुडा, चिरायचीच असतील तर धारदार विळीवर एकदाच.

कडूपणा जावा म्हणून मेथीला मीठ लावून पिळणारे बरेच आहेत. पिळलेल्या पाण्याबरोबर चव जाते, सत्त्वही जातं. कडू निघालीच तर कांदा आणि कूट वाढवा, टोमॅटो घाला. तरीही सहन होत नसेल तर सरळ परतून भाजी करा.

पोषणाबद्दलचे गैरसमज

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम मेथीच्या पानांत सुमारे ५.७ मिलिग्रॅम लोह, २७० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आणि ५८ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. पण पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सोपं नाही. लिंबू पिळलं तर ते जास्त शोषलं जातं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. "तेल नको, डाएट आहे" म्हणून कोरडा घोळाणा खाणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं की पानातलं बीटा कॅरोटिन शरीरात जायला स्निग्धांश लागतो. चमचाभर तेल आणि दाण्याचा कूट तेच काम करतात.

मेथीने साखर उतरते म्हणून गोळ्या सोडू नका. तसा अभ्यास मुख्यतः मेथीदाण्यांवर झालाय, पानांवर नाही. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी नुसता कूट वगळून निर्धास्त राहू नये. मेथीही शेंगवर्गातलीच आहे, तीही बाधू शकते.

ठेवताना

धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली मेथी दुसऱ्या दिवशी चिकट होते. न धुता, पिवळी पानं काढून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस चांगली राहते. कालवलेला घोळाणा मात्र ठेवायचा नाही. उरलाच तर त्याच दिवशी ज्वारीच्या पिठात मळून थालीपीठ लावा. मीठ आधीच पडलेलं असतं, पिठापुरतं चिमूटभरच घाला.