टेक्किट क्लासिकमध्ये ५१२ ईयूचा सोलर अ‍ॅरे कसा उभारायचा

इथले सगळे आकडे माइनक्राफ्ट १.२.५ वरच्या टेक्किट क्लासिक या मॉडपॅकचे (खेळात भर घालणाऱ्या मॉडचा संच) आहेत, म्हणजे इंडस्ट्रियलक्राफ्ट २ आणि कॉम्पॅक्ट सोलर्स या दोन मॉडचे. नव्या आवृत्त्यांत रेसिपी बदलल्या आहेत, त्यामुळे तिथे हे डोळे मिटून वापरू नका.

साधं सोलर पॅनेल एका टिकला (सेकंदाचा विसावा भाग) १ ईयू (इंडस्ट्रियलक्राफ्टमधलं विजेचं एकक) देतं. गच्चीवर पन्नास पॅनेल मांडून तांब्याच्या केबलने जोडली, तरी खाली मशीनला काहीच पोचत नाही. इन्सुलेटेड कॉपर केबलमध्ये दर ५ ब्लॉकला प्रत्येक पॅकेटमागे (एका वेळी निघणारा विजेचा हप्ता) १ ईयू गळतो, आणि पॅनेलचं पॅकेटच मुळात १ ईयूचं. ४ ब्लॉकपर्यंत निभावतं, पाचव्याला शून्य. पन्नास पॅनेलची पॅकेटं एकत्र होत नाहीत, एकेक करून मरतात. कॉम्पॅक्ट सोलर्सचा खरा फायदा वाचलेली जागा नाही, मोठं पॅकेट आहे.

बांधणी एकाच साच्यात होते (एलव्ही, एमव्ही, एचव्ही म्हणजे कमी, मध्यम आणि जास्त व्होल्टेज; ट्रान्सफॉर्मर म्हणजे व्होल्टेज बदलणारा ब्लॉक). एलव्ही ट्रान्सफॉर्मरभोवती ८ पॅनेल ठेवली की एलव्ही अ‍ॅरे (८ ईयू), एमव्ही ट्रान्सफॉर्मरभोवती ८ एलव्ही अ‍ॅरे म्हणजे एमव्ही (६४ ईयू), आणि एचव्ही ट्रान्सफॉर्मरभोवती ८ एमव्ही म्हणजे एचव्ही (५१२ ईयू). एका एचव्हीत ५१२ पॅनेल, ६४ एलव्ही, ८ एमव्ही आणि १ एचव्ही ट्रान्सफॉर्मर जातात.

एका पॅनेलला कोळशाची भुकटी ३, काच ३, इलेक्ट्रॉनिक सर्किट २ आणि जनरेटर १ लागतो. सर्किट, मशीन ब्लॉक आणि बॅटरी उलगडून पाहिलं, तर ५१२ पॅनेलचा कच्चा माल असा: रिफाइन्ड आयर्न ५,१२०, तांबं ३,३२८, कथील २,०४८, रेडस्टोन ३,०७२, कोळसा आणि काच प्रत्येकी १,५३६, शिवाय भट्ट्यांसाठी ४,०९६ कॉबलस्टोन. आणि रबर ६,६५६! ट्रान्सफॉर्मरचं सामान यात धरलेलं नाही.

काम अडतं ते रबरापाशी. रबराच्या झाडाचा चीक भट्टीत टाकला तर एकाचं एकच रबर मिळतं, एक्स्ट्रॅक्टर या विजेच्या यंत्रात तीन. म्हणजे ६,६५६ ऐवजी साधारण २,२२० चिकात भागतं. म्हणून लोखंड खणायला जाण्याआधी एक्स्ट्रॅक्टर बनवा आणि रबराच्या झाडांची बाग लावा. ट्रीटॅपने चीक काढलेली जागा काही वेळाने पुन्हा भरते, तेव्हा चिकाचा डाग असलेली झाडं तोडू नका. हजारभर सर्किटं हाताने करत बसायची नसतील, तर बिल्डक्राफ्ट या मॉडचं ऑटोमॅटिक क्राफ्टिंग टेबल लावा.

जागा वाळवंटातच निवडा. पॅनेल रात्री बंद असतं आणि पाऊस-वादळातही बंद पडतं, पण वाळवंटाच्या बायोममध्ये पावसाची अट लागू होत नाही. वर मोकळं आकाश हवं. काचेचं छत चालतं, दगडाचा एक ब्लॉकही चालत नाही. लावल्या लावल्या वीज दिसली नाही तर काही सेकंद थांबा, सूर्याची तपासणी दर टिकला होत नाही.

आता स्फोट. एचव्हीतून ५१२ चं पॅकेट निघतं. मॅसरेटर (खनिज दळणारं यंत्र) किंवा इलेक्ट्रिक फर्नेस ३२ पर्यंतच झेपवतात, एमएफई (वीज साठवणारा ब्लॉक) १२८ पर्यंत; त्यापुढे थेट धडाम. अ‍ॅरे एमएफएसयूला, म्हणजे एमएफईहून मोठ्या साठ्याच्या ब्लॉकला, चिकटवून ठेवा (ठिपक्याची बाजू सोडून, ती वीज बाहेर पडण्याची). मध्ये केबल नसली की गळतीही नाही. एमएफएसयूत १ कोटी ईयू मावतात आणि अ‍ॅरे दिवसाला साठ लाखांच्या वर देतो, म्हणजे एकात दीड दिवसाची कमाई.

एमएफएसयूतूनही ५१२ च बाहेर पडतात. इथे नावं फसवतात: ५१२ वरून १२८ वर आणायला एमव्ही ट्रान्सफॉर्मर लागतो आणि १२८ वरून ३२ वर आणायला एलव्ही. एचव्ही ट्रान्सफॉर्मर २,०४८ साठी आहे, इथे त्याचं काम नाही. तीन ठिपक्यांची बाजू जास्त व्होल्टेजकडे ठेवा आणि जवळपास रेडस्टोनचा सिग्नल नाही ना हे पाहा, कारण सिग्नल मिळाला की ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो. लांब न्यायचं असेल तर ५१२ वरच ग्लास फायबर केबलने न्या: ४० ब्लॉकला जेमतेम १ ईयू जातो. व्होल्टेज मशीनच्या दाराशी उतरवा.

नुसती एक इलेक्ट्रिक भट्टी आणि एक मॅसरेटर चालवायचे असतील तर यातलं काहीच नको. त्यांना मिळून टिकला ५ ईयू लागतात, दिवसा एक एलव्ही अ‍ॅरे पुरतो. एचव्ही परवडतो तो मास फॅब्रिकेटरसाठी (विजेपासून यूयू-मॅटर, म्हणजे इतर वस्तू बनवायचा पदार्थ, तयार करणारं यंत्र). तो ५१२ चं पॅकेट सरळ घेतो, त्यामुळे अ‍ॅरे त्यालाच टेकवला तरी चालतं. स्क्रॅप (भंगार) न घालता एका यूयू-मॅटरला १० लाख ईयू जातात, स्क्रॅप घातल्यास साधारण १,६६,६६७.